बाबांच्या टँकमधले चार फायटर

माझ्या भावाचं सगळ्या नातेवाइकांत फार चांगलं नाव आहे. पुण्याला असतो, मोठ्या कंपनीत आहे, वर्षातून दोनदा येतो आणि कधी रिकाम्या हाताने येत नाही. मी उमरखेडलाच राहिले. बाबांना लकवा मारला तेव्हापासून त्यांची आंघोळ, औषधं, हगणं-मुतणं, व्यायाम सगळं माझ्याकडे आहे, आणि माझं नाव चांगलंही नाही, वाईटही नाही. ते घेतलंच जात नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा राग कुठून येतो ते कोणाला शोधत बसावं लागणार नाही.

बाबा एसटीत कंडक्टर होते. आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूस त्याचं गाव आलं की उठायचाच. गर्दीत दोन माणसं जागेवरून एकमेकांच्या अंगावर गेली की बाबा मधे जाऊन उभे राहायचे. मारायचे नाहीत, शिव्या द्यायचे नाहीत, एकदा जोरात ओरडून नुसते मधे उभे राहायचे आणि तिकिटं फाडत राहायचे. मी लहानपणी त्यांच्या गाडीतून पुसदला जाताना हे कितीदा पाहिलं आहे.

लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. पेपर पाहतात, बातम्या ऐकतात, कोण खोटं बोलतंय ते त्यांना माझ्या आधी कळतं. पण तोंडातून एकच शब्द येतो. हट. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सगळं पुसलं जातं आणि एखादा शब्द कुठेतरी अडकून राहतो. भूक लागली की हट. लाइट गेली की हट. शेजारच्या काकूंचा नातू पहिला आला म्हणून सांगायला आला, त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवून बाबा डोळे भरून म्हणाले, हट. पहिल्या महिन्यात मला त्या शब्दाची भीती वाटायची. नंतर त्यातले फरक कळायला लागले. लांबवलेला वेगळा, तोडलेला वेगळा, नाकातला वेगळा. लोकांना वाटतं म्हातारा सगळ्यांना हाकलतो. मला माहीत आहे तो काय म्हणतो.

मी सकाळी चार तास एका खाजगी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. तेवढा वेळ शेजारच्या काकू येऊन बसतात. माझं लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्याबद्दल इथे काही सांगायचं नाही.

मासा आणला तो बाबांनीच. पुसदला फिजिओवाल्या डॉक्टरांकडे जातो तिथून जवळच रंगीत माशांचं एक छोटं दुकान आहे. एकदा दाखवून परत येताना बाबांनी काठी तिथेच रोवली आणि हलेचनात. समोरच्या फळीवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीत एक मासा, आणि दोन बरण्यांच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा. बाबांनी डाव्या हाताने एका निळ्या माशाकडे बोट दाखवलं. शेपूट इतकी मोठी की मासा कमी आणि कापड जास्त.

दुकानवाले चाचा म्हणाले, "ये फायटर है ताई. नर आहे. अकेला रहता. दुसरा नर पाण्यात दिसला की खतम, एक तरी मरतेच. आरसा दाखवला तरी फुगते हा."

"मंग एकटा कसा राह्यते?" मी विचारलं.

"मजेत राहतो. त्याला सोबत नाही लागत. आपल्याला लागते म्हणून वाटते त्याला भी लागत असन."

बरणी लहान वाटली म्हणून मी दीड फुटाचा टँक घेतला. बाबांच्या पलंगाच्या डाव्या बाजूला, हात पोचेल अशा ठेंगण्या टेबलावर ठेवला. फिजिओवाल्यांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, खाद्याचे दाणे त्यांच्या उजव्या हाताने टाकायला लावा. दाणा मोहरीएवढा. सुरुवातीला बाबांचा उजवा हात माझ्या हातात धरून मीच टाकायची. मग त्यांनी चिमूट जुळवायला सुरुवात केली. दहा दाण्यांतले आठ चादरीवर सांडायचे, दोन पाण्यात. दिवाळीनंतर चार पाण्यात पडायला लागले. मासा त्यांना ओळखायला लागला होता. मी जवळ गेले तर ढिम्म, बाबा नुसते कुशीवर वळले की काचेपाशी हजर. वर्षभरात बाबांना जे काही चांगलं झालं ते त्या दीड फुटात झालं.

यंदा उन्हाळ्यात ढाणकीला आमच्या चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. लॅब आणि दवाखाना सोडून मी आठ महिन्यांत कुठेच गेले नव्हते. भाऊ स्वतःहून म्हणाला, "मी येतो दोन दिवस. तू लग्नाला जा. बाबांजवळ मी थांबतो." मला खरंच बरं वाटलं. मी त्याला फोनवर धन्यवादसुद्धा म्हटलं. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते. बापाजवळ एक दुपार बसायचे धन्यवाद.

तो आदल्या दिवशी संध्याकाळी त्याच्या गाडीने पुसदवरून आला. गाडीतून एक मोठी पिशवी त्याने जपून काढली आणि वरच्या खोलीत नेऊन ठेवली. मी विचारलं, "काय हाय रे दादा?" म्हणाला, "उद्या कळेल. सरप्राइज." मी स्वयंपाकात होते. परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांची आंघोळ, नाश्ता, औषधं उरकून मी साडी नेसले. दादाला सगळं सांगितलं. एक वाजता वरण-भात कालवून दे, चमच्याने, घाई करू नको, ठसका लागतो. लघवीचं भांडं पलंगाखाली. दर तासाला विचार. एकटं सोडू नको, ते उठायला जातात. तो मोबाइलमध्ये पाहत "हो गं, हो गं" करत होता. मी निघाले तेव्हा बाबांनी डावा हात हलवला. साडीकडे पाहून त्यांनी तो शब्द असा म्हटला की मी हसले.

ढाणकीला मंगल कार्यालयात पोचले तेव्हा बुद्धवंदना सुरू झाली होती. लग्न लागलं. फुलं टाकली. मग ज्या बायका-माणसांना मी आठ महिन्यांत दिसले नव्हते ती सगळी भेटायला लागली, आणि प्रत्येकाने एकच विचारलं.

"भाऊ आला म्हणे?"

"आला."

"लय जीव हाय बाई त्याचा बापावर. एवढ्या लांबून येते."

मी हो म्हणत राहिले. एवढ्या लांबून येते. मी त्याच घरात आहे म्हणजे मला यावंच लागत नाही, म्हणून ते मोजत नाहीत. पण त्या दिवशी मी चिडले नाही. मोकळी होते, केसांत गजरा होता, आणि कोणाला तरी औषध द्यायची वेळ झाली आहे असं आतून टोचत नव्हतं.

जेवणाच्या रांगेत मावसबहिणीने मोबाइल पुढे केला. "पाह्य वं, दादानं काय स्टेटस ठेवलं. किती मस्त!"

बाबांचा टँक होता. आत चार मासे. आपला निळा, एक लाल, एक पांढरा, एक हिरवट. चौघांनी कल्ले फुगवलेले, पंख ताणलेले, शेपट्या पंख्यासारख्या उघडलेल्या. खरंच मस्त दिसत होतं. वर गाणं लावलेलं आणि खाली लिहिलेलं, "बाबांचे नवे मित्र. आता एकटं वाटणार नाही." त्याखाली लोकांचे हात जोडलेले, हृदयं, "असा मुलगा सगळ्यांना मिळो."

मला एका क्षणात कळलं. मी दादाला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. उचलला नाही.

आता पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. मी फोन पर्समध्ये टाकला आणि जेवायला बसले. मनात म्हटलं, मासे आहेत, मरतील तर मरतील, दादा आहे ना घरी, त्याला दिसेल, काढेल. मला भूक लागली होती. वांग्याची भाजी फार छान झाली होती. मी जिलेबी दोनदा घेतली. मग नवरा-नवरीसोबत फोटोसाठी थांबले. यात तास गेला. त्या तासाचा राग मला दादावर काढता येत नाही, तो माझाच आहे.

बस नव्हती. शेअर जीप भरेपर्यंत थांबावं लागलं. वाटेत आणखी दोनदा फोन केला, नुसता वाजत राहिला. घरी पोचले तेव्हा चार वाजत आले होते. दादाची गाडी दारात नव्हती. दाराला बाहेरून कडी होती.

कडी काढून आत गेले. बाबा पलंगावर नव्हते. ते खाली फरशीवर होते, टेबलाच्या पायाला पाठ टेकून, लकव्याचा पाय अंगाखाली मुडपलेला. डावा हात वर, कोपरापर्यंत टँकच्या पाण्यात. सदरा भिजलेला, लुंगीही भिजलेली, पण ती पाण्याने नाही. समोर फरशीवर त्यांचा पाणी प्यायचा स्टीलचा ग्लास होता आणि त्यात पांढरा मासा. जिवंत होता. पंखांच्या नुसत्या चिंध्या उरल्या होत्या.

टँकमध्ये लाल मासा तळाशी आडवा पडलेला. हिरवट वर तरंगत होता, एका बाजूचा कल्ला उघडा. आणि आपला निळा, शेपटीला दोन-तीन ठिकाणी फाटलेला, त्या तरंगणाऱ्याला जाऊन जाऊन टोचत होता. बाबांचा हात त्या दोघांच्या मधे होता. हिरवट मेला होता तरी.

"बाबा," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज बसला होता. ओठ हलले, शब्द आला नाही. तो एक शब्दही आला नाही.

मी हाक मारल्यावर काकू धावत आल्या. दोघींनी मिळून त्यांना उचललं. काकू रडत होत्या. "अव माय! मी तं आयकत होती वं. बारा-साडेबारापासून हट हट करून राह्यले होते. मले वाटलं मांजर शिरली असन घरात, तुह्या भावाला सांगत असतीन. भाऊ हाय म्हनून मी आली नाई."

बारा-साडेबारापासून. मी फुलं टाकत होते तेव्हापासून. जिलेबी खात होते तेव्हाही. चार तास माझा बाप जो एकच शब्द त्याच्याजवळ आहे तो घेऊन ओरडत होता, आणि ऐकणाऱ्याला वाटलं मांजर. मग तो शब्द कोणी ऐकत नाही म्हटल्यावर पलंगावरून घसरला, जो एक हात चालतो त्या हाताने ग्लासात एक मासा काढला आणि बाकीच्यांच्या मधे हात घालून बसला.

मी काकूंच्या मोबाइलवरून दादाला फोन लावला. अनोळखी नंबर पाहून त्याने लगेच उचलला.

"कुठी हायेस?"

"अगं, शाळेतले मित्र भेटले. पुसद रोडला जेवायला आलोय. आलोच दहा मिनिटांत. बाबा झोपलेत ना?"

मी फोन बंद केला. बाबांना पुसलं, कपडे बदलले, कमरेला पाहिलं, काळंनिळं झालं होतं. कोरडा वरण-भात तसाच ताटात झाकलेला होता. एक घासही दिलेला नव्हता.

दहा मिनिटांचा तो पाऊण तासाने आला, बडीशेप चघळत. आत येऊन टँककडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला, हे मी नाकारत नाही. पण पहिलं वाक्य काय बोलला? "अरे यार. इतके महागाचे मासे."

मी त्याच्या हातातली गाडीची चावी घेतली आणि दारातून रस्त्यावर फेकली. माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फेकलं गेलं असेल.

"काय करतेस?"

"तू काय केलं ते सांग. बापाले कोंडून गेलता तू?"

"कोंडून काय? कुत्रं शिरू नये म्हणून कडी लावली. ते झोपले होते."

"झोपले नव्हते. ओरडून राह्यले होते. चार घंटे. गल्लीला ऐकू गेलं, तुले नाई गेलं."

"मी एक तासासाठी गेलो होतो. वेळ झाला थोडा. तू तर असं करतेस जसं काही मी..."

"पडले ते. खाली पडेल होते. मुतात बसेल होते. माशायच्या मधात हात घालून बसले होते तुह्या."

मग जे मला सहन होत नाही ते त्याने केलं. समजूतदार आवाज काढला. "हे बघ, तुझी चिडचिड मला समजते. तू रोज करतेस, दमतेस. पण मला काय माहीत ते मासे भांडतात? दुकानदाराने सांगायला नको का? मी चांगल्या मनाने केलं ना? आणि शेवटी मासेच आहेत गं ते."

बाबा पलंगावरून पाहत होते. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्या वेळी मला त्याचं म्हणणं थोडं पटलं होतं. दुकानदाराने सांगायला हवं होतं. मनात राग चाचांकडे वळला, आणि खरं सांगायचं तर मला तो वळायला हवाच होता. भावापेक्षा दुकानदारावर चिडणं सोपं असतं. डॉक्टरांनी येऊन पाहिलं, हाड मोडलेलं नव्हतं. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या पाया पडून निघून गेला. जाताना म्हणाला, "काळजी घे त्यांची." मला.

चार दिवसांनी बाबांच्या औषधांसाठी पुसदला जावं लागलं. मी आधी माशांच्या दुकानात गेले. वाटेत बसमध्ये काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. दुकानात एक बाई मुलीला गोल्डफिश दाखवत होत्या, त्यांच्यासमोरच मी सुरू झाले.

"चाचा, तुमी तीन नर एका माणसाले कसे देले? मले तर सांगतलं होतं तुमी, एकच ठेवा म्हनून. धंद्यासाठी बाकीच्याले सांगत नाई का?"

त्यांनी आधी मला ओळखलं. मग शांतपणे स्टूल पुढे केलं. मी बसले नाही.

"वो सफेद गाडीवाले? आपके भाई थे वो?" ते म्हणाले. "ताई, मय दो बार बोला उनको. तीन अलग डब्बे में दिया, तीनों पे कागज लपेटा. बोला, एक दूसरे को दिखने भी मत देना. तो वो क्या बोले मालूम? बोले, चाचा, फूलते कैसे हैं वो दिखाओ ना. मैंने दो बरनी के बीच का पुठ्ठा हटाके दिखाया. एक मिनट. उनोने मोबाइल में लिया. फिर बोले, एकसाथ डाले तो और जास्त फूलेंगे ना? मय बोला, फूलेंगे, फिर मरेंगे. हसून राह्यले होते."

बाई मुलीला घेऊन बाजूला सरकल्या. चाचांनी पाणी दिलं. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुम काहे को माफी मांगते. वो सफेदवाला जिंदा है ना? उसको अलग रखो, पानी में एक चिमटी नमक डालो. पंख येतीन परत."

परतीच्या बसमध्ये मी घरच्या ग्रुपवर गेले. तो ग्रुप मी कधी पाहत नाही, रोज सकाळी फुलं आणि सुविचार असतात. वर वर जात त्या दिवसापर्यंत आले. दादाने गाणं लावायच्या आधीचा व्हिडिओ तिथे टाकलेला होता. चार मासे तेच. पण त्यात आवाज होता.

बाबांचा. पलंगावरून. हट. हट. हट. तोडलेला, वरच्या पट्टीतला. एसटीत दोन माणसांनी एकमेकांची कॉलर धरली की ज्या आवाजात ते ओरडायचे त्या आवाजात. आणि त्यावर दादाचं हसणं. "बघा ना बाबा, कसे फुललेत! एक मिनिट, एक मिनिट, हा लाल बघा."

मी उमरखेडला उतरून घरी गेले नाही. बसस्टँडच्या बाकावर बसले आणि त्याला फोन लावला.

"तुले मालूम होतं," मी म्हटलं. "चाचांनं दोनदा सांगतलं तुले."

तो पहिल्यांदा नाही म्हणाला. मग म्हणाला, "सांगितलं असेल. मला वाटलं थोडा वेळ टाकतो, व्हिडिओ काढतो, मग परत काढतो. तेवढ्यात मित्रांचा फोन आला. विसरलो गं."

"बाबा तुले नको म्हनत होते. व्हिडिओत ऐकू येऊन राह्यलं."

"ते तर सगळ्यालाच हट म्हणतात. मला कसं कळणार?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं, खूप मोठं होतं. वर्षभर बापाच्या उशाशी बसलं की कळतं, हे उत्तर होतं. आवाज चढला की माणूस घाबरला आहे, हे कुत्र्यालाही कळतं, हेही होतं. पण बसस्टँडवर लोक पाहत होते आणि मला रडू येत होतं. रडत उत्तर द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "व्हिडिओ काढ ग्रुपवरून." त्याने काढला. स्टेटस तर कधीच निघून गेलं होतं. ज्यांनी हृदयं पाठवली त्यांच्यातल्या एकालाही नंतर काय झालं ते माहीत नाही. मी सांगायला गेले तर मावशी म्हणाली, "जाऊ दे वं, माशावरून भावाशी कायले वाकडं घेतं?"

घरात वेगळंच सुरू झालं होतं. बाबा निळ्या माशाकडे पाहत नव्हते. दाण्यांची डबी हातात दिली की खाली ठेवायचे. तो काचेपाशी येऊन हेलकावे घ्यायचा आणि बाबा कुशी बदलायचे. मी समजावलं. "त्याचा काय दोष हाय बाबा? त्याची ती जातच हाय. त्याच्या घरात तीन घुसवले तं तो काय करन?" पण मलाही त्या माशाचा राग येत होता. मी दाणे टाकताना पाहत नव्हते. त्याने मेलेल्याला सोडलं नव्हतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. अकरा दिवस बाबांनी उजव्या हाताचा व्यायाम केला नाही. फिजिओवाले म्हणाले, चिमूट परत सैल पडली. वर्षभराची मेहनत. हे दादाला कळवलं तेव्हा त्याने रडका चेहरा पाठवला. पिवळा, गोल, मोबाइलमधला.

पांढऱ्याला मी मोठ्या काचेच्या बरणीत ठेवलं, पलीकडच्या खिडकीत. पंख खरंच यायला लागले, आधी पारदर्शक, मग दुधी. बाराव्या की तेराव्या दिवशी बाबांनी त्या बरणीकडे बोट केलं. आणून पलंगाजवळ ठेवली, टँकच्या बाजूला पुठ्ठा लावून. त्यांनी आधी बरणी आणि टँकच्या मधला पुठ्ठा नीट सरळ केला, मग डबी मागितली. एक दाणा बरणीत. मग खूप वेळ गेला. मग एक दाणा टँकमध्ये.

दादाने पुढच्या महिन्यात विचारलं की चार फुटांचा टँक पाठवू का, मधे पार्टिशनवाला, चांगल्या कंपनीचा. मी म्हटलं, टँक नको. तू ये. आठ दिवस सुट्टी घे आणि ये. एकटा ये, आणि मी नसेन.

"अगं ऑफिस..."

"मले पन लॅब हाय. काकूंचं वय झालं. आठ दिवस. नाईतर मी तो व्हिडिओ आवाजासकट परत ग्रुपवर टाकते आन् खाली काय झालं ते लिहिते." व्हिडिओ मी आधीच उतरवून ठेवला होता. ही धमकी होती, आणि मला तिची लाज वाटत नाही.

तो आला. मी त्याला भांडं धुण्यापासून चमचा धरण्यापर्यंत सगळं एकदा करून दाखवलं, दुसऱ्यांदा नाही. बाबांना सांगितलं, मी यवतमाळला मैत्रिणीकडे जाते, आठ दिवसांनी येते. त्यांनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं नको म्हणतील. त्यांनी डाव्या हाताने मला दाराकडे ढकलल्यासारखं केलं. त्यांनाही त्याला सहज सुटू द्यायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्याचे अकरा फोन आले. बाबा खात नाहीत. बाबांनी चादर ओली केली. कमरेत चमक भरली, त्याच्या. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तू हे रोज कसं करतेस?" लोकांना वाटेल, इथे माझा राग विरघळला. नाही विरघळला. हा प्रश्न त्याला पहिल्या महिन्यात पडायला हवा होता, दोन मासे मरायच्या आधी, माझा बाप फरशीवर पडायच्या आधी. मैत्रीण म्हणाली, आता तरी माफ कर त्याला, शिकतोय तो. मी तिला म्हटलं, शिकू दे, शिकायला माझी माफी लागत नाही.

तिसऱ्या दिवशी मी सकाळी नऊपर्यंत झोपले. मैत्रीण कामाला गेली होती. चहा गाळत होते तेव्हा परत फोन वाजला.

"अगं, बाबांची कोरडी लुंगी कुठे ठेवतेस? कपाटात सापडत नाहीये."

मला माहीत होतं, दुसऱ्या खणात, टॉवेलच्या खाली.

"शोध," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.